रायफलच्या पितळी पुंगळ्यांचं घरी ॲनीलिंग: मान नरम, बूड कडक

झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी, म्हणजे रिकामं कवच, पुन्हा भरून वापरणाऱ्यांना चौथ्या-पाचव्या फेरीपासून त्रास जाणवू लागतो. गोळी बसवताना एका पुंगळीत प्रेसचा दांडा सहज खाली जातो, दुसरीत अडखळतो. पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या साच्याची, म्हणजे डायची, सेटिंग न बदलताही खांदा, म्हणजे गोळी धरणाऱ्या मानेखालचा उतार, कधी जास्त मागे जातो, कधी कमी. मग एखाद्या पुंगळीच्या तोंडाशी केसाएवढी उभी चीर दिसते. यामागे एकच कारण असतं. पितळ वारंवार ताणलं-आवळलं गेल्यामुळे कडक झालेलं असतं. त्यावर उपाय म्हणजे ॲनीलिंग: मान आणि खांदा ठरावीक तापमानापर्यंत काही सेकंद तापवून पितळ पुन्हा नरम करणं.

काम अवघड नाही, पण एका बाबतीत चूक परवडत नाही. उष्णता मानेला आणि खांद्याला द्यायची, बुडाला, म्हणजे प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसतो त्या मागच्या टोकाला, कधीही नाही. पुढची सगळी कृती या एका अटीभोवती फिरते.

आधी कायदा

हा लेख अमेरिकेत राहून कायदेशीरपणे रायफल वापरणाऱ्या आणि स्वतःची काडतुसं भरणाऱ्या वाचकांसाठी आहे. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची तर लागतो. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी पाहावेत.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे एच-१बी, एफ-१ यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगायला मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत. त्याच कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत नुसती पुंगळी, प्रायमर, गोळी आणि दारू हे सुटे भागही येतात. म्हणजे रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी घरात ठेवण्याआधी आपला व्हिसा कोणता, हे पाहायला हवं. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं गुन्हा आहे. त्यामुळे भारतातल्या वाचकांनी हा लेख माहितीपुरताच वाचावा.

पितळाच्या आत काय घडतं

काडतुसाचं पितळ म्हणजे सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त. हे पितळ थंड असताना ठोकलं, ओढलं, वाकवलं की कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणारा कारागीर भांडं ठोकता ठोकता मध्येच भट्टीत घालतो, ते याच कारणाने. ठोकून कडक झालेल्या धातूवर आणखी हातोडा चालवला तर तो फाटतो.

पुंगळीची मान प्रत्येक फेरीत निदान तीनदा हलते. गोळी झाडताना ती फुगून चेंबरला, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेला, टेकते, साइझिंग डाय तिला आवळते आणि डायमधला एक्स्पांडर बॉल बाहेर येताना तिला पुन्हा उघडतो. दर वेळी धातूचे कण थोडे विस्कटतात, ताण साठतो. कडक मान स्प्रिंगसारखी वागते. डायने कितीही आवळली तरी थोडी मागे उसळते, आणि ही उसळी प्रत्येक पुंगळीत वेगळी असते. मानेची पकड वेगळी झाली की गोळी सुटण्याचा जोर वेगळा होतो आणि लांब पल्ल्यावर निशाण्याचा गट उभा पसरतो.

तापवल्यावर तीन टप्पे येतात. आधी साठलेला ताण सैल होतो, पण कडकपणा फारसा उतरत नाही. मग जुन्या विस्कटलेल्या कणांच्या जागी नवे, ताण नसलेले कण तयार होतात आणि धातू नरम होतो. आपल्याला हवा तो हा टप्पा. त्यापुढे तापवत राहिलं तर हे कण एकमेकांना गिळून मोठे होत जातात. पितळ लोण्यासारखं होतं, मान गोळीला धरून ठेवत नाही, आणि मोठे झालेले कण घरच्या कोणत्याही उपायाने पुन्हा बारीक होत नाहीत.

तापमान आणि वेळ यांची इथे जोडी आहे. हेच पितळ तासभर तापवायचं असेल तर तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपासही नरम होऊ लागतं. आपल्याकडे असतात पाच-सात सेकंद. एवढ्या वेळात काम व्हायला मान पाचशे ते साडेपाचशे अंशांपर्यंत जावी लागते. ‘७५० फॅरनहाइट’, म्हणजे साधारण चारशे सेल्सिअस, हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. तो खालची मर्यादा म्हणून धरावा. मानेने चारशेला क्षणभर स्पर्श केला आणि ज्योत काढली, तर ताण थोडा उतरतो, नरमपणा पुरेसा येत नाही.

बुडाचं गणित याच्या नेमकं उलट आहे. .३०८ विंचेस्टर या काडतुसाचा कमाल दाब अमेरिकन उद्योगमानकाप्रमाणे ६२,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) आहे. .२२३ रेमिंग्टनचा ५५,०००. मान आणि अंग यांना चेंबरची पोलादी भिंत आधार देते, पण बुडाचा शेवटचा भाग चेंबरच्या बाहेर असतो आणि तिथे दाब पेलायला पितळाचा स्वतःचा कडकपणाच असतो. म्हणून कारखान्यात बूड मुद्दाम कडक ठेवतात. ते नरम झालं तर प्रायमरचा खळगा पसरतो, जळते वायू मागे फुटतात, आणि मागे नेमबाजाचा डोळा असतो.

पावसाळा, घोडे आणि चिरलेली काडतुसं

या विषयाचा भारताशी एक खरा धागा आहे. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप चिरायला लागली. कोणी झाडली नव्हती, आपटली नव्हती. पावसापासून वाचवायला ती घोड्यांच्या पागेत ठेवली जात. कारण स्पष्ट झालं ते थेट १९२१ मध्ये: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि थंड अवस्थेत ओढलेल्या पितळात साठलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ कणांच्या सीमेवरून फुटतं. ताण काढण्यासाठी तापवणं हा त्यावरचा मुख्य उपाय ठरला.

रोजच्या कामासाठी यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. अमोनिया असलेलं ब्रास पॉलिश किंवा काच पुसायचं द्रावण पुंगळ्यांना लावायचं नाही. चमक येते, पण पुढे माना चिरू शकतात.

आजही सैन्यासाठी बनलेल्या, उदाहरणार्थ अमेरिकेतल्या लेक सिटी कारखान्याच्या, पुंगळ्यांवर माने-खांद्याशी निळसर-तपकिरी पट्टा दिसतो. तो कारखान्यातल्या ॲनीलिंगचा डाग. बाजारात विकायच्या पुंगळ्यांवरून बरेच उत्पादक तो घासून काढतात, एवढाच फरक. नव्या पुंगळीवर डाग दिसला म्हणून ती वापरलेली समजू नये.

काय काय लागतं

साध्या प्रोपेन टॉर्चने उत्तम काम होतं. पिवळ्या नळकांड्यातला मॅप-प्रो वायू जास्त गरम जळतो, पण त्यामुळे बरोबर आणि बिघडलेलं यांच्यामधला वेळ सेकंदाच्याही आत येतो. नवख्याने प्रोपेनच घ्यावा. टॉर्च हातात धरायची नाही. नळकांडं उभं ठेवून शिकंजात किंवा जड तळावर पक्कं बसवायचं, म्हणजे ज्योत आणि पुंगळी यांच्यातलं अंतर बदलणार नाही.

पुंगळी फिरवायला बॅटरीवरचा ड्रिल आणि त्यात बसणारा खोल सॉकेट. .३०८, ६.५ क्रीडमूर, .३०-०६ या सगळ्यांच्या बुडाचा व्यास साधारण १२ मिलिमीटर असतो, त्यांना १३ मिलिमीटरचा सॉकेट चालतो. .२२३ च्या बुडाचा व्यास ९.६ मिलिमीटर, त्याला १० चा. पुंगळी आत सैल फिरावी, ड्रिल तिरका केला की आपोआप बाहेर पडावी. सॉकेटबाहेर पुंगळीचा वरचा निम्मा भागच दिसला पाहिजे. सॉकेटचं जाड पोलाद खालच्या भागाची उष्णता ओढून घेतं, हा त्याचा दुसरा उपयोग.

तापमान दाखवणारा द्रव लॅकर दोन प्रकारचा घ्यावा. एक ७५० फॅरनहाइटचा, मानेच्या आतून लावायला. दुसरा ४५० फॅरनहाइटचा, म्हणजे २३२ सेल्सिअसचा, अंगावर बाहेरून लावायला. टेम्पिलॅक या नावाने तो वेल्डिंगच्या दुकानात मिळतो. वाळल्यावर खडूसारखा निस्तेज दिसतो आणि ठरलेल्या तापमानाला वितळून पारदर्शक, ओला दिसू लागतो.

याशिवाय ठोके देणारं मेट्रोनोम ॲप मिनिटाला साठ ठोक्यांवर लावून, पोलादी ट्रे, चामड्याचे हातमोजे, चष्मा आणि हाताशी एबीसी प्रकारचा अग्निशामक. काडतुसाची दारू, प्रायमर, साफसफाईचे द्रव त्या खोलीत नसावेत, दुसऱ्या खोलीत बंद असावेत. स्वयंपाकघरात हे काम करू नये. झाडलेल्या पुंगळीत प्रायमरमधलं शिसं उरलेलं असतं, ते हातावर आणि धुळीत येतं. गॅरेज, उघडं दार, हवा खेळती, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुऊन मगच खाणं-पिणं.

तयारी

पहिलं काम म्हणजे प्रत्येक पुंगळीतला वापरलेला प्रायमर काढणं. खळगा रिकामा दिसला तरच ती ॲनीलिंगच्या डब्यात जाईल. न फुटलेला प्रायमर ज्योतीजवळ गेला तर तो उडतो, यात दुमत नाही.

मग साफसफाई. काजळी आणि साइझिंगचं वंगण तसंच ठेवून तापवलं तर ते पितळावर भाजून बसतं आणि डायला ओरखडे पाडतं. कोरडं टम्बलिंग, म्हणजे फिरत्या डब्यात कोरड्या भरडीसोबत घोळवणं, पुरतं. पाण्यात पोलादी पिनांसह धुतल्या असतील तर पुंगळ्या पूर्ण वाळू द्याव्यात आणि आत एखादी पिन अडकलेली नाही हे प्रकाशाकडे धरून पाहावं.

नंतर वर्गवारी, आणि इथे आळस करू नये. लापुआ कंपनीची पुंगळी जाड, दुसऱ्या बनावटीची पातळ. वजन वेगळं म्हणजे तापायला लागणारा वेळ वेगळा. एकाच बनावटीच्या, शक्यतो एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) आणि तितक्याच वेळा झाडलेल्या पुंगळ्या एका डब्यात ठेवाव्यात. मिसळलेल्या पुंगळ्या एकाच वेळाने तापवल्या तर त्यातल्या काही कच्च्या राहतात, काही जळतात, आणि नंतर कोणती कोणती ते डोळ्यांनी कळत नाही.

निकेलचा मुलामा असलेल्या, पोलादी आणि ॲल्युमिनियमच्या पुंगळ्या या कामासाठी नाहीत. त्या बाजूला काढाव्यात.

वेळ ठरवणं

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यावं. यासाठी त्याच लॉटमधल्या पाच-सहा पुंगळ्या बळी द्याव्या लागतात: खळगा सैल झालेल्या किंवा चिरलेल्या असतील तर उत्तम.

पहिल्या पुंगळीच्या मानेत आतून ७५० चा लॅकर काडीने पातळ पुसावा. बाहेरून लावू नये, कारण ज्योत थेट लागली की तो पितळ तापण्याआधीच वितळतो आणि फसवतो. अंगावर, खांद्याच्या जरा खालून बुडाच्या दिशेने, ४५० च्या लॅकरची उभी रेघ ओढावी. दोन्ही पूर्ण वाळू द्यावेत.

टॉर्च पेटवून ज्योत स्थिर करावी. ज्योतीच्या आत गडद निळा शंकू दिसतो. त्याच्या टोकापासून पाच-सहा मिलिमीटरवर पुंगळी यावी अशी जागा ठरवून टेबलावर पेन्सिलीने खूण करावी. ज्योतीचा रोख माने-खांद्याच्या सांध्यावर हवा, तोंडावर नाही. तोंडाची कड सगळ्यात पातळ, .३०८ मध्ये जेमतेम ०.३८ मिलिमीटर. ज्योत तिथे रोखली तर कड आधी लाल होते आणि खांदा कच्चा राहतो.

खोलीतला दिवा मंद करावा. अगदी काळोख नको, हात दिसले पाहिजेत. ड्रिल सावकाश, सेकंदाला एक ते दीड फेरा. वेगाने फिरवल्याने फायदा होत नाही, पुंगळी सॉकेटमध्ये डुगडुगते तेवढीच.

आता ठोके मोजत पुंगळी ज्योतीत आणावी. साध्या प्रोपेनवर .३०८ मध्ये आतला लॅकर साधारण चौथ्या-पाचव्या ठोक्याला वितळतो. त्यानंतर एक-दोन सेकंदांत मानेवर जेमतेम दिसेल अशी अंधुक लाली येते. कोणताही घन पदार्थ साधारण ५२५ सेल्सिअसला अंधारात दिसण्याइतका प्रकाशू लागतो, म्हणून अंधुक खोलीतली ही पहिली लाली घरच्या साधनांमध्ये सगळ्यात भरवशाची खूण आहे. लाली दिसायला लागली तो ठोका लिहून ठेवावा आणि पुंगळी लगेच बाहेर काढावी. दिवसाउजेडात हाच प्रयोग केला तर लाली दिसेपर्यंत पितळ शंभर-दीडशे अंशांनी पुढे गेलेलं असतं.

पुंगळी गार झाल्यावर अंगावरची रेघ पाहावी. ४५० चा लॅकर खांद्याखाली सहा-सात मिलिमीटरपर्यंत वितळलेला चालतो. त्याच्याही खाली, अंगाच्या मध्यापर्यंत वितळला असेल तर उष्णता फार खोल गेली. अशा वेळी स्वाभाविकपणे ज्योत लहान करावीशी वाटते. ती चूक आहे. मंद आचेवर मान तापायला जास्त वेळ लागतो आणि त्या वेळात उष्णता पितळातून खाली सरकत राहते, कारण पितळ साध्या पोलादाच्या दुपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं. ज्योत मोठी करावी आणि वेळ कमी. मान बुडापेक्षा खूप आधी तापली पाहिजे, यावरच ही पद्धत उभी आहे.

दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पुंगळीवर तोच वेळ पुन्हा लावून पाहावा. तिन्हींवर लाली त्याच ठोक्याला जेमतेम उमटत असेल तर वेळ ठरला. .३०८ आणि ६.५ क्रीडमूरला पाच ते आठ सेकंद, .२२३ ला तीन ते पाच, अशी साधारण व्याप्ती निघते. पण हे आकडे उचलून वापरू नयेत. टॉर्च, अंतर, पुंगळी यातलं काही बदललं की वेळ बदलतो.

प्रत्यक्ष काम

१. पुंगळी सॉकेटमध्ये टाका, ड्रिल सुरू करा आणि ठोक्याची वाट पाहा.

२. ठोक्यावर पुंगळी खुणेच्या जागी आणा. मोजणी मोठ्याने करा, मनात नाही.

३. ठरलेल्या ठोक्यावर पुंगळी ज्योतीबाहेर काढून ड्रिल तिरका करा आणि ती पोलादी ट्रेमध्ये पाडा. ट्रेमध्ये माना एकमेकींवर आपटून वाकणार नाहीत इतकी जागा ठेवा.

४. लालीवर लक्ष राहू द्या. वेळ पूर्ण व्हायच्या आत लाली स्पष्ट दिसली तर लगेच काढा, मोजणी गेली तरी चालेल.

पाण्यात टाकायची गरज नाही. पोलाद गरम असताना पाण्यात बुडवलं की कडक होतं, तसं पितळाचं होत नाही. ते हवेत गार झालं काय किंवा पाण्यात, नरमपणा तोच राहतो. पाण्याने फक्त उष्णता खाली सरकणं थांबतं, आणि वेळ बरोबर ठरवला असेल तर ती भीती उरत नाही. उलट ओल्या पुंगळ्या वाळवण्याचं काम वाढतं.

दहा-पंधरा पुंगळ्यांनंतर सॉकेट तापलेला असतो. पुढची पुंगळी त्यात ठेवताक्षणीच गरम होऊ लागते, मग तोच वेळ तिला जास्त पडतो. दोन सॉकेट आलटून-पालटून वापरावेत, किंवा मध्ये थांबून सॉकेट ओल्या फडक्यावर गार करून कोरडा पुसावा. दुसरीकडे, नळकांडं बराच वेळ जळत राहिलं की स्वतः गार पडतं, वायूचा दाब उतरतो आणि ज्योत लहान होते. म्हणजे एक चूक वेळ वाढवायला सांगते, दुसरी कमी करायला. म्हणून वीसेक पुंगळ्यांनंतर लॅकर लावलेली एक बळीची पुंगळी घालून पाहावी. ही एक सवय पूर्ण लॉट वाचवते.

ज्योतीचा रंग पुंगळीच्या मागे अचानक नारिंगी झाला तर थांबावं. ज्योत नेहमी निळी असते. नारिंगी झळक म्हणजे आपण मर्यादेवर आहोत किंवा ओलांडली आहे.

पितळावर उमटलेल्या निळ्या-जांभळ्या रंगावरून मात्र निदान करू नये. तो पृष्ठभागावरच्या ऑक्साइडचा रंग असतो. पुंगळी किती स्वच्छ होती, उजेड कसा आहे, यावर तो बदलतो. सुंदर पट्टा आला म्हणजे ॲनीलिंग झालं असं नाही, आणि फिका आला म्हणजे राहिलं असंही नाही.

झालं की नाही, हे तपासणं

बळीच्या पुंगळ्यांवर पक्कडची चाचणी करता येते. मानेचं तोंड पक्कडीत हलकेच दाबून सोडावं. न तापवलेली कडक मान झटकन जवळजवळ पूर्ववत येते. बरोबर नरम झालेली थोडी परत येते आणि थोडी दबलेली राहते. जास्त तापलेली मान दाबली तशीच राहते, परत येतच नाही, आणि दाबताना शिशासारखी मऊ लागते. चाचणी ढोबळ आहे, पण तिन्ही प्रकारच्या पुंगळ्या शेजारी ठेवून एकदा करून पाहिल्या तर हाताला फरक कायमचा कळतो.

त्यापेक्षा चांगली कसोटी साइझिंगनंतरच्या मापात मिळते. ॲनीलिंगआधी दहा पुंगळ्या साइझ करून मानेचा बाहेरचा व्यास आणि खांद्याची जागा कंपॅरेटर या मापकाने मोजून लिहावी. ॲनीलिंगनंतरच्या दहांची तीच मापं घ्यावीत. काम नीट झालं असेल तर खांद्याच्या मापांतली तफावत ०.०२५ मिलिमीटरच्या, म्हणजे एका थावच्या (इंचाच्या हजाराव्या भागाच्या), आसपास येते. तफावत तशीच राहिली तर माना कच्च्या राहिल्या आहेत.

नंतरचं काम, जे बरेच जण विसरतात

नरम पितळ मागे उसळत नाही. त्यामुळे डायच्या जुन्याच सेटिंगवर खांदा आता जास्त मागे जातो. सेटिंग तशीच ठेवून शंभर पुंगळ्या काढल्या तर सगळ्यांचा हेडस्पेस, म्हणजे चेंबरमध्ये पुंगळीला मिळणारी मोकळी जागा, वाढलेला मिळतो, आणि बुडाच्या जरा वर भिंत ताणून तिथून पुंगळी तुटण्याची वेळ लवकर येते. म्हणून ॲनीलिंगनंतर डाय पुन्हा लावावी: बोल्ट ॲक्शनसाठी (हाताने बोल्ट मागे-पुढे करून भरायच्या रायफलसाठी) खांदा झाडलेल्या मापापेक्षा ०.०५ मिलिमीटर मागे, आपोआप भरणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिकसाठी ०.०७५ ते ०.१०.

बुशिंग डाय (मान आवळणारी कडी, म्हणजे बुशिंग, बदलता येणारी डाय) वापरत असाल तर बुशिंगचं मापही तपासावं. आधी कडक मानेची उसळी गृहीत धरून लहान बुशिंग घेतलेलं असेल, तर आता तेच मान जास्त आवळेल.

साइझिंगनंतर लांबी मोजावी. .३०८ ची कमाल लांबी ५१.१८ मिलिमीटर, कापून ५०.९३ ला आणायची. .२२३ ची कमाल ४४.७०.

मानेच्या आतली बाजू हा दुर्लक्षित विषय आहे. झाडल्यावर आत काजळीचा जो पातळ थर बसतो तो गोळी बसवताना वंगणासारखा काम करतो. साफसफाई आणि ज्योत दोन्हींनी तो जातो, उरतं उघडं, ऑक्साइड चढलेलं पितळ. त्यावर गोळीचं तांबं चिकटत-ओरखडत जातं आणि बसवण्याचा जोर पुन्हा कमी-जास्त होतो. मग ॲनीलिंगमुळेच बिघडलं असं वाटतं. नायलॉन ब्रश फिरवून कोरडं ग्रॅफाइट किंवा मानेसाठीचं कोरडं वंगण लावलं की हा त्रास मिटतो.

काय बिघडतं आणि त्या पुंगळीचं काय करायचं

मान चकचकीत नारिंगी-लाल झाली, तर ती गेली. कण मोठे झाले, ते परत येत नाहीत. पुढच्या वेळी झाडून कडक होईल या आशेवर ठेवू नये. पक्कडीने मान चेपून भंगारात टाकावी. चेपायची यासाठी, की ती चुकून पुन्हा चांगल्यांत मिसळू नये.

बूड तापलं, किंवा तापलं असेल अशी शंका जरी आली, तरी तोच निकाल. ज्योतीत असताना ड्रिल बंद पडला, पुंगळी सॉकेटमध्ये अडकून राहिली, लॅकरची रेघ अंगाच्या मध्यापर्यंत वितळली: प्रत्येक वेळी पुंगळी चेपावी. एका पुंगळीची किंमत रुपयांत मोजली तरी शंभरच्या आसपास जाते. डोळ्याची मोजता येत नाही.

एकाच बाजूला डाग गडद आणि दुसऱ्या बाजूला फिका असेल तर पुंगळी नीट फिरलेली नाही. सॉकेटमध्ये काजळी साचली असेल किंवा पुंगळी सॉकेटमध्ये फिरतच नसेल. ही पुंगळी वाया गेलेली नाही, सॉकेट साफ करून पुन्हा एकदा पूर्ण वेळ देता येते.

दुसऱ्या पद्धतींबद्दल

पाण्याच्या परातीत पुंगळ्या उभ्या करून वरून टॉर्च फिरवायची आणि लाल झाली की पाण्यात आडवी पाडायची, ही जुनी पद्धत बुडाला सुरक्षित ठेवते. पण ज्योत एकाच बाजूने लागते आणि मान असमान नरम होते. शिकारीच्या काडतुसांना चालेल, अचूक नेमबाजीला नाही. मेणबत्तीवर बोटांत धरून तापवण्याची पद्धत सुरक्षित आहे, पण एवढ्या मंद आचेत मान हव्या तापमानाला पोचण्याआधी बोटं भाजतात. ताण थोडा उतरतो, इतकंच.

ओव्हनमध्ये पुंगळ्या घालू नयेत, कोणत्याही तापमानाला. ओव्हन मान आणि बूड यांत फरक करत नाही.

वितळलेल्या नायट्रेट क्षारांमध्ये माना बुडवण्याची पद्धत स्वस्त आणि आकर्षक वाटते. आमचं स्पष्ट मत आहे की घरी ती टाळावी. पाचशे अंशांच्या क्षारात पाण्याचा एक थेंब गेला तरी वाफेचा स्फोट होऊन क्षार अंगावर उडतो, आणि नायट्रेट स्वतः ज्वलनाला प्राणवायू पुरवतं, त्यामुळे तेल-कागद-दारूचे कण त्यात पडले तर आग लागते.

इंडक्शनची यंत्रं महाग असली तरी सर्वांत सारखं काम करतात, कारण वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत बांधून देता येते. वर्षाला हजारभर पुंगळ्या भरणाऱ्याने त्यांचा विचार करावा. पण लॉट बदलला की वेळ नव्याने ठरवावा लागतो, हे तिथेही सुटत नाही.

किती वेळा, आणि कुठे थांबायचं

टॉर्चवर काम करणाऱ्यांनी दर तिसऱ्या फेरीनंतर करावं. अचूकतेसाठी स्पर्धा खेळणारे प्रत्येक फेरीनंतर करतात, त्यामुळे मान नेहमी एकाच अवस्थेत राहते. दोन्ही बरोबर, पण एका लॉटमध्ये एकच क्रम पाळावा. डब्यावर चिठ्ठी लावून तारीख, किती वेळा झाडली, कितव्यांदा ॲनील केली, किती ठोके आणि कोणती टॉर्च हे लिहावं.

ॲनीलिंगने मानेचं आयुष्य वाढतं, बाकी पुंगळीचं नाही. प्रायमरचा खळगा सैल झाला असेल, प्रायमर अंगठ्याच्या दाबाने बसत असेल, तर ती पुंगळी संपली. टोकाशी वाकवलेली बारीक तार आतून बुडाच्या वरच्या भिंतीवर फिरवावी. खाचेत अडकल्यासारखी लागली तर भिंत आतून पातळ झाली आहे आणि पुढच्या एखाद्या फेरीत पुंगळीचे तिथून दोन तुकडे होतील. मान कितीही छान असली तरी अशी पुंगळी तिथेच चेपून टाकावी. तारेची ही तपासणी ॲनीलिंगच्या आधी केली तर मेहनत आणि वायू दोन्ही वाचतात.